एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या, तरी भीती जात नाही. काय करावे?
आधी एवढेच बघा: चाचणी योग्य वेळी झाली होती का? शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धच्या अँटिबॉडी दोन्ही शोधणारी) एचआयव्ही चाचणी संबंधानंतर 45 दिवसांनी निर्णायक धरतात. बोटातून रक्त घेऊन होणारी झटपट चाचणी आणि सिफिलिसची चाचणी 90 दिवसांनी. (पेपच्या, म्हणजे धोका घडल्यावर एचआयव्ही टाळण्यासाठी देतात त्या गोळ्या घेतल्या असतील तर मोजणी बदलते, डॉक्टरांना विचारा.) मुदतीनंतरचा रिपोर्ट निगेटिव्ह असेल आणि पुन्हा धोका घडला नसेल, तर परत चाचणी करू नका.

हे जड जाईल, पण खरी गोम इथेच आहे. नव्या रिपोर्टने थोडा वेळ बरे वाटते, मग ‘लॅबची चूक झाली असेल तर?’ सुरू होते. मानेतल्या गाठी सारख्या चाचपल्या की त्या दुखतात, आणि ते दुखणे पुन्हा लक्षण वाटते. थकवा, मुंग्या, पोट बिघडणे नुसत्या चिंतेनेही होते.

चाचपण्याची किंवा इंटरनेटवर शोधण्याची ऊर्मी आली की 15 मिनिटे थांबा. अस्वस्थता आधी वाढेल, मग आपोआप उतरेल. ते जमू लागले की 30 मिनिटे. घरच्यांना ‘मला काही झाले नाही ना?’ विचारणेही यातच मोडते.

झोप किंवा काम बिघडले असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्या संबंधाबद्दलची अपराधी भावनाही मोकळेपणाने सांगा, भीती पुष्कळदा तिच्यावरच पोसते. सीबीटीचा (विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या, बोलण्यातून होणाऱ्या उपचाराचा) चांगला उपयोग होतो; गरज पडल्यास औषधेही देतात.