बागेचा कारभार नक्की कोण बघतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात सकाळी जॉगिंग ट्रॅकवर येणाऱ्या मंडळींवर लेख होता, त्यावर भरपूर पत्रं आली, पण चालण्याबद्दल कमी आणि बागांच्या कारभाराबद्दलच जास्त. त्यातली पाच निवडलीयेत. नावं मुद्दाम छापत नाही, कारण दोघा-तिघांनी आपापल्या नगरसेवकाबद्दल जरा तिखट लिहिलंय आणि शेवटी नाशिक ते नाशिक, उद्या कुणाच्या तरी लग्नात समोरासमोर येणारच.

प्रश्न : मी उन्हाळाभर लेकीकडे अमेरिकेत होते. जावई तिथल्या गावच्या पार्क्स अँड रिक्रिएशन ॲडव्हायझरी बोर्डवर आहे. पगार नाही, गाडी नाही, महिन्यातून एका संध्याकाळी मीटिंगला जातो आणि घरी येऊन पोहण्याच्या तलावाच्या फीवर तासभर बोलत बसतो. हे बोर्ड करतं काय, आणि आपल्याकडे असं काही आहे का? (एक आजी, गंगापूर रोड)

आजी, जावई गुणी दिसतोय. तर तिकडे साधारण असं असतं की गावची निवडून आलेली कौन्सिल किंवा मेयर गावातलेच काही लोक थोड्या वर्षांसाठी या बोर्डवर नेमतात, कोणी शिक्षक, कोणी फुटबॉलचा कोच, कोणी नुसतंच रोज कुत्रं फिरवायला बागेत जाणारं. बागा चालवतो तो पगारी स्टाफ आणि त्यांचा डायरेक्टर. बोर्ड ना माळी नेमतं ना बिलावर सही करतं. पण वर्षाच्या बजेटचा मसुदा, तलावाची फी, मैदान कुठल्या क्लबला कुठल्या वारी द्यायचं, नव्या बागेला नाव कुणाचं, पुढच्या दहा वर्षांचा आराखडा, हे सगळं कौन्सिलकडे जायच्या आधी बोर्डासमोर येतं, लोक येऊन दोन-तीन मिनिटं बोलतात आणि मग बोर्ड शिफारस करतं. कॅलिफोर्नियात तर नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, तसा कायदाच आहे.

शिफारस कौन्सिलने मानलीच पाहिजे असं नाही. मग उपयोग काय? उपयोग हा की नाही मानली तरी ते सगळ्यांसमोर होतं आणि मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या नोंदीत, राहतं.

आता समजा एका बागेतले झोके बदलायचा विषय आलाय. बोर्डवरचा जागरूक माणूस काय विचारेल बघा. झोके शेवटचे कधी तपासले आणि त्याचं रजिस्टर कुठंय, साखळीचे एस-हूक झिजून किती बारीक झालेत, झोक्याखाली वाळू किंवा रबराची मॅट आहे की सरळ काँक्रीट, कारण पोर पडतं तेव्हा झोका नवा की जुना याने काही फरक पडत नाही, खाली काय आहे याने पडतो. पुढे, याच बागेचा नंबर आधी का लागला, आणि नवे झोके पाच वर्षांनी दुरुस्त करायचे पैसे कुठल्या हेडमधून येणार. देखरेख म्हणजे एवढंच हो, प्रश्न वेळेवर विचारणं, आणि वेळेवर म्हणजे टेंडर निघायच्या आधी. आपल्याकडे आपण हेच प्रश्न विचारतो, पण फीत कापून झाल्यावर, तेही नुसते व्हॉट्सॲप ग्रुपवर.

सगळीकडे बोर्ड नुसतंच सल्ला देणारं असतं असं पण नाही बरं का. मिनीॲपोलिस शहरात १८८३ पासून बागांचं स्वतंत्र बोर्ड आहे, त्याचे ९ कमिशनर लोक थेट मतदान करून निवडतात आणि त्यांना बागांसाठी स्वतःचा कर लावता येतो. कॅनडात व्हँकुव्हरला पण निवडून आलेलं ७ जणांचं पार्क बोर्ड आहे. पण हे अपवाद.

आपल्याकडे महापालिका कायद्यात बागांचं वेगळं सल्लागार मंडळ असं काही नाही. महासभेला विशेष समित्या नेमता येतात, म्हणजे मनात आणलं तर दार उघडं आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांना दिलेली १८ कामं आहेत, त्यात बारावं काम बागा, उद्यानं आणि क्रीडांगणं. पण १९४९ च्या महापालिका कायद्यात बागा येतात त्या ऐच्छिक कामांत, कलम ६६ मध्ये. पाणी, गटार, कचरा बंधनकारक आणि बाग जमलं तर! बजेटला कात्री लागते तेव्हा ती पहिली कुठे चालते हे मग वेगळं सांगायला नको.

शिवाय आपल्या बागेला चार-चार मालक. झाडं आणि हिरवळ उद्यान विभागाची, भिंत आणि पाथवे बांधकामवाल्यांचा, दिवे विद्युत विभागाचे, आत समाजमंदिर किंवा अभ्यासिका असेल तर ती मिळकत विभागाची. म्हणून तक्रार करताना "बागेची दुरवस्था" असं मोघम लिहू नका, कारण तो कागद चारही टेबलं फिरून परत तुमच्याचकडे येतो. "पूर्वेकडच्या गेटजवळचे तीन दिवे बंद" असं लिहा, म्हणजे तो एकाच टेबलावर जाऊन थांबतो.

प्रश्न : प्रभाग समितीवर सामान्य नागरिकांना पण घेतात असं ऐकलं. मी रिटायर्ड आहे, सिडकोत राहतो, वेळ भरपूर आहे. अर्ज कुठे करायचा? (एक काका, सिडको)

काका, बरोबर ऐकलंत, फक्त अर्ज केला आणि घेतलं इतकं सोपं नाहीये ते. नाशकात सहा विभाग, पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर, आणि प्रत्येकाची प्रभाग समिती. कायद्याच्या कलम २९ अ प्रमाणे त्यात त्या भागातले सगळे नगरसेवक, विभागाचा अधिकारी आणि जास्तीत जास्त तीन बाहेरचे लोक. हे तिघं मान्यताप्राप्त सामाजिक संस्थेचे हवेत, त्याच भागातले मतदार हवेत, आणि त्यांना नेमणार कोण तर ते नगरसेवकच. म्हणजे ज्यांच्या कामावर लक्ष ठेवायचं त्यांनीच आपल्याला निवडायचं. तीन जागा आणि प्रत्येक पक्षाचे नाराज कार्यकर्ते किती, तुम्हीच हिशोब करा.

तरी प्रयत्न करा. ज्येष्ठ नागरिक संघ किंवा तसली एखादी रजिस्टर्ड संस्था असेल तर तिच्या लेटरहेडवर पत्र द्या, त्यात संस्थेने या भागात काय काम केलंय ते लिहा आणि पोच घ्या. मार्च २०२२ ला आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली तेव्हापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होते, नगरसेवक नाहीत म्हणजे प्रभाग समित्या पण नाहीत. चार वर्षं जवळजवळ. लोकांची सवयच गेलीय तिकडे जायची, त्यामुळे आता कोणी गेलं तर उठून दिसतं.

आणि खुर्ची नाही मिळाली तरी विषय देता येतो. बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक आहेत, चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात हा सगळ्यांचाच अनुभव, म्हणून पत्र चौघांच्या नावे एकच काढा आणि हा विषय प्रभाग समितीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या असं स्पष्ट लिहा. नुसतं "लक्ष घालावे" लिहिलं की ते खरंच लक्ष घालतात आणि काढून घेतात.

वेळेचं पण सांगतो. बजेट फेब्रुवारीच्या आसपास मांडलं जातं, त्यामुळे मार्चमध्ये झोके मागून काही होत नाही. दिवाळीचा फराळ संपला की पत्र गेलंच पाहिजे. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून बजेटसाठी छोटी छोटी कामं मागवतात, बाक, दिवे, फुटपाथ वगैरे. हे नाशकात मागायला काहीच हरकत नाही. क्षेत्रसभेची तरतूद पण २००९ पासून आपल्या कायद्यात आहे, म्हणजे काही मतदान केंद्रांच्या टापूतल्या मतदारांची सभा. तुमच्या आठवणीत अशी सभा झालीय का? झाली असेल तर आम्हाला कळवा, फोटोसकट छापू.

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर अचानक खडी-वाळू येऊन पडली. विचारलं तर हॉल होणार म्हणे. मुलं तिथेच क्रिकेट खेळतात. निम्म्या कॉलनीला हॉल हवाय, निम्म्यांना नकोय. काय करावं? (एक वाचक, इंदिरानगर)

नाशिककरांचा हा लाडका प्रश्न. ओपन स्पेस दिसली की कुणाला हॉल दिसतो, कुणाला मंदिर, कुणाला ग्रीन जिम, आणि मोकळी जागा मोकळीच ठेवू असं म्हणणारा माणूस मीटिंगमध्ये एकटा पडतो. ही जागा काही कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नसते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर ले-आउट करताना १० टक्के जागा खेळ-करमणुकीसाठी मोकळी सोडावी लागते. आधीच्या नियमांत पण अशी जागा सोडावी लागायचीच. ती धरूनच तुमच्या प्लॉटची किंमत तुम्ही मोजलेली आहे.

भांडायच्या आधी कागद बघा. नगररचना विभागातून मंजूर ले-आउटची प्रत काढा, त्यात त्या तुकड्यावर "ओपन स्पेस" लिहिलंय की ॲमेनिटी स्पेस (म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेली जागा), की डीपीतलं, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातलं आरक्षण, हे तिन्ही वेगवेगळे असतात आणि लोक सर्रास एकच समजतात. ॲमेनिटी असेल तर तिथे बांधकाम होऊ शकतं, ओपन स्पेसवर मात्र मोकळेपण राखून मर्यादित तेवढंच. मग सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डवर नाव कुणाचं ते बघा. आणि मग या कामाचा कार्यादेश, मंजुरीचा ठराव आणि नकाशा मागा. नकाशाच नसेल तर वादाचा निकाल तिथेच लागतो.

या बाबतीत एक जुना निकाल कामाचा आहे. बंगळुरूत बागेसाठी ठेवलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती, रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वाटप रद्द ठरवलं. बंगळुरू मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा. दवाखाना चांगला असतो हो, पण बागेच्या जागेवर नाही, असा एकूण सूर, आणि बागेसाठी भांडायचा हक्क तिथे राहणाऱ्यांना आहे हे पण कोर्टाने मान्य केलं.

राहिली निम्मी कॉलनी. त्यांना विचारा की हॉलची किल्ली कुणाकडे राहणार, लाइटबिल कोण भरणार आणि लग्नाला भाड्याने दिला तर रात्री डीजे किती वाजता बंद होणार. किल्लीच्या प्रश्नावर बऱ्याच हॉलचा उत्साह ओसरतो.

प्रश्न : रस्त्यावरच्या झाडावर महापालिकेची नोटीस चिकटवलीय. आता काही करता येतं का? (एक वाचक, पंचवटी)

येतं, पण सात दिवसांत. १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरण असतं, अध्यक्ष आयुक्त, त्यात नगरसेवक आणि झाडांची माहिती असलेले संस्थांचे प्रतिनिधी. आजींनी विचारलेल्या बोर्डाच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडे काही असेल तर हेच, आणि याला नुसता सल्ला नाही तर परवानगी द्यायचा अधिकार आहे. हरकत लेखी द्या, झाडाची जात, बुंध्याचा घेर, फोटो आणि झाड न तोडता काम कसं होईल ते लिहा. "झाडे लावा झाडे जगवा" लिहून काही होत नाही. ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर हेरिटेज धरतात, त्यामुळे वय माहीत असेल तर जरूर लिहा, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचं म्हणणं पण जोडा. नोव्हेंबर २०२५ ला कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातल्या झाडांची नोटीस निघाली तेव्हा शेकडो हरकती आल्या आणि जो विषय फाइलमध्येच उरकला असता तो राज्यभर गाजला. एकट्याने एक हरकत देण्यापेक्षा गल्लीतल्या वीस जणांनी आपापल्या शब्दांत वीस दिलेल्या बऱ्या, झेरॉक्स नको.

प्रश्न : आमचा ग्रुप बाग दत्तक घ्यायला तयार आहे. घ्यावी का? (मैत्रिणींचा एक ग्रुप, नाशिकरोड)

घ्या, पण आधी करारात बघा की बोअरचं लाइटबिल कुणाचं, माळी कुणाचा, तुमच्या नावाचा बोर्ड किती मोठा, आणि बाग सगळ्यांसाठी किती ते किती उघडी. एप्रिलमध्ये पाणी आटलं की टँकर कुणी आणायचा हे आत्ताच लिहून घ्या, कारण तोपर्यंत ग्रुपमधल्या निम्म्या जणी सुट्टीत गावाला गेलेल्या असतील. आधी त्या बागेचा देखभालीचा ठेका चालू आहे का तेही माहिती अधिकारात विचारा, नाहीतर पाणी तुम्ही घालणार आणि बिल भलताच काढणार. अर्जाला १० रुपये लागतात, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा, मागायचं काय तर ठेक्याची प्रत, माळ्यांची हजेरी आणि दिलेली बिलं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याचे २० रुपये. हजेरीचा कागद हातात आला की एक कॉपी आम्हाला पण पाठवा.