टिळक पुण्यतिथी, अण्णाभाऊ जयंती आणि ‘एकाच दिवशी’ची गडबड

प्रश्न असा आलाय की १ ऑगस्टला एका बॅनरवर ‘लोकमान्य टिळक व अण्णाभाऊ साठे जयंती’ असं छापलेलं दिसलं, ते चूक ना? आणि पुण्यतिथी आपण तारखेने पाळतो तर तिला तिथी का म्हणतो?

बॅनर चूकच आहे. टिळक त्या तारखेला गेले, त्यांची जयंती २३ जुलैला होऊन गेलेली असते. पण चुकणाऱ्याची मला थोडी दया येते, कारण आमच्या शाळेतही १ ऑगस्टला एकाच टेबलावर दोन फोटो, दोन हार, एकच उदबत्ती, आणि फळ्यावर रंगीत खडूने दोन्ही नावं लिहून झाल्यावर ‘जयंती’ला जागा उरायची, ‘पुण्यतिथी’ला नाही! मग कुणीतरी हुशारीने ‘विनम्र अभिवादन’ लिहायचं. हा शब्द फार सोयीचा, जन्म असो की मृत्यू, दोन्हीला चालतो, म्हणून तर व्हॉट्सअपवर त्याची एवढी चलती आहे. ‘पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा’ पाठवणाऱ्यांनी तरी तो पाठच करावा.

आता तिथीचं. मुळात हे सगळं तिथीनेच चालायचं, आणि संतांच्या बाबतीत तर तिथीच दिवसाचं नाव होऊन बसली. तुकाराम बीज, दासनवमी, नाथषष्ठी. नाथषष्ठीची तर कमालच आहे, फाल्गुन वद्य षष्ठीला संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म, त्यांना झालेला अनुग्रह, नाथांची आणि त्यांची भेट, स्वामींची समाधी आणि शेवटी नाथांचीही समाधी, अशा पाच गोष्टी परंपरा एकाच तिथीवर मांडते. इंग्रजी कॅलेंडर आल्यावर पाळणं तारखेवर गेलं पण शब्द जुनाच राहिला. त्यामुळे आजच्या ‘पुण्यतिथी’तली तिथी म्हणजे नुसता वार्षिक दिवस. ज्यांना खटकतं ते ‘स्मृतिदिन’ म्हणतात, तोही छान शब्द आहे. तिथी आणि तारीख वेगळी दाखवायची वेळ आलीच तर लोक सरळ ‘तारखेप्रमाणे शिवजयंती’ आणि ‘तिथीप्रमाणे शिवजयंती’ म्हणतात, कुणाचा गोंधळ होत नाही (वाद होतो ते वेगळं).

जयंती मात्र हयात माणसाची म्हणू नये, त्याचा वाढदिवस. जन्मदिन दोघांनाही चालतो.

माझा खरा आक्षेप ‘एकाच दिवशी’ या शब्दांवर आहे. गांधीजी आणि शास्त्रीजी ‘एकाच दिवशी जन्मले’ असं सर्रास लिहितात, पण एकाचं साल १८६९ आणि दुसऱ्याचं १९०४, म्हणजे मधे ३५ वर्षं. तिथे ‘एकाच तारखेला’ म्हणा ना. ‘एकाच दिवशी’ हे डार्विन आणि लिंकनला शोभतं, दोघंही १२ फेब्रुवारी १८०९ चे. टिळक-अण्णाभाऊंनाही शोभतं, कारण दोघांचं सालही १९२०च. एक मुंबईत सरदारगृहात गेला, दुसरा वाटेगावात जन्मला.

शोभतं म्हटलं खरं, पण त्यातही एक मेख आहे. टिळक गेले ३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर. घड्याळाने १ ऑगस्ट लागला होता, रविवार. पण आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, आमची आजी रात्री दोन वाजता पण ‘अजून उजाडलं नाही, आज शनिवारच’ म्हणायची, तिच्या हिशोबाने टिळक शनिवारी गेले!

आणि तारीख एक पण दिवस वेगळा असंही होतं बरं का. शेक्सपिअर २३ एप्रिल १६१६ ला वारला, स्पॅनिश लेखक सर्व्हांटिसची तारीखही बरीच वर्षं तीच सांगायचे. आता अभ्यासक म्हणतात की सर्व्हांटिस २२ ला गेला, २३ ला त्याला पुरलं. ते सोडलं तरी तेव्हा स्पेनमधे नवं ग्रेगोरियन कॅलेंडर होतं आणि इंग्लंड अजून जुन्या ज्युलियनवर, १० दिवस मागे. म्हणजे इंग्लंडात २३ उजाडली तेव्हा स्पेनमधे ३ मे होती. शिवरायांची १९ फेब्रुवारी १६३० पण त्या जुन्या कॅलेंडरचीच, नव्याने मोजली तर १ मार्च येते. फाल्गुन वद्य तृतीया मात्र दोन्हीकडे तीच.