द्राक्षाच्या पानांवर काम सुरू करण्याआधी

पिंपळगावच्या मळ्यातून पानं आणलीस, छान केलंस. पण त्यांच्या डीएनएत हायड्रॉक्सीमिथाइलसायटोसिन (सायटोसिन या डीएनएच्या अक्षराचं एक बदललेलं रूप) शोधायचं डोक्यातून काढ. वनस्पतींत ते जवळजवळ नसतंच. हवं असेल तर उंदराच्या मेंदूत बघावं. तू मिथाइलसायटोसिन, म्हणजे मिथाइल गट लागलेलं सायटोसिन, धर आणि ते ओळखायला बायसल्फाइट हे रसायन वापर. त्यात साध्या सायटोसिनचं युरॅसिल होतं, मिथाइलवालं तसंच राहतं. सोबत लॅम्डा या विषाणूचा मिथाइल नसलेला डीएनए ठेव, म्हणजे रूपांतर पुरतं झालं की नाही ते कळेल. आणि द्राक्षाच्या पानात पॉलिफेनॉल फार. डीएनए तपकिरी दिसला तर पुढे जाऊच नकोस, पॉलिफेनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी घालून पुन्हा काढ.

पुढे क्लिक केमिस्ट्रीकडे, म्हणजे दोन रेणू झटकन जोडायच्या पद्धतीकडे, वळशीलच. २०२२ चं नोबेल मिळालं तीच. त्यात अझाइड आणि अल्काइन हे दोन गट जोडायला तांबं लागतं, पण तेच तांबं डीएनएचे तुकडेही पाडतं. म्हणून तांब्याला धरून डीएनए वाचवणारं टीएचपीटीए आधी तांब्यात मिसळ, मगच तांब्याला कामाला लावणारं अ‍ॅस्कॉर्बेट घाल. अ‍ॅस्कॉर्बेट रोज ताजं कर, अगदी कंटाळा आला तरी. एका एप्रिलमध्ये मी आदल्या दिवशीचं पिवळट पडलेलं द्रावण वापरलं होतं. जेलवर एकही पट्टी चमकली नाही, आणि तांब्यालाच दोष देत माझा आठवडा गेला.

प्रथिनांवरचं नायट्रोसिलेशन, म्हणजे त्यांच्या थायॉलला (गंधकाच्या गटाला) नायट्रिक ऑक्साइड लागणं, बघायला बायोटिन स्विच ही पद्धत आहे. त्यात नायट्रिक ऑक्साइडच्या जागी बायोटिन ही खूण बसवतात. त्यात मोकळे थायॉल आधी नीट झाकून घे. एखादा उघडा राहिला की त्यालाही बायोटिन चिकटतं आणि खोटा सिग्नल येतो. अ‍ॅस्कॉर्बेट न घातलेली एक नळी दर वेळी चालव; तेच नायट्रिक ऑक्साइड काढून बायोटिनला जागा करतं, म्हणून त्या नळीत दिसला तो सिग्नल खोटा.