घरच्या बाळंतपणाची बाजू मांडताना
अगं, उत्साह छानच आहे, पण पत्रकं वाटण्याआधी दोन गोष्टी पक्क्या कर.

विमा. ब्रिटनमध्ये २०१४ पासून विमाकवचाशिवाय मिडवाइफची (प्रशिक्षित सुईणीची) नोंदणी टिकत नाही. सरकारी आरोग्यसेवेबाहेर स्वतंत्रपणे काम करणाऱ्या मिडवाइफांची खरी कोंडी तिथेच आहे. खासदाराला पत्र लिहिशील तेव्हा नेमकं तेच लिही.

दुसरं, आकडे. इंग्लंडच्या २०११ च्या ‘बर्थप्लेस’ अभ्यासात घरी बाळंतपण ठरवलेल्या, गुंतागुंत नसलेल्या पहिलटकरणींपैकीही सुमारे ४५ टक्के जणींना घरून हॉस्पिटलात हलवावं लागलं. हॉस्पिटलातल्या बाळंतपणापेक्षा बाळाला धोकाही थोडा जास्त दिसला. पुढच्या खेपांना तसा फरक आढळला नाही. हे दडवायचं नाही! नवशिके इथेच घसरतात, मीही घसरले होते.

आणि हॉस्पिटल निवडणारीला नाक मुरडू नकोस. कायद्याचा कीस नंतर पाडू.