आपले प्रश्न : ब्लेअर यांचा पुरस्कार आणि आपली देणगी

प्रश्न : ज्या टोनी ब्लेअर यांनी ब्रिटनचे पंतप्रधान असताना इराकवर सैन्य धाडले, त्यांनाच पुढे मुलांसाठी काम करणाऱ्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने पुरस्कार दिला, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? असल्यास ‘करून करून भागला आणि देवपूजेला लागला’ यापलीकडे त्यावर काय बोलणार? मला तर आता पुरस्कार देणारे आणि घेणारे सगळे एकाच माळेचे मणी वाटू लागले आहेत.
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : आपण वाचलेत ते खरे आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात निधी उभारण्यासाठी मेजवानी झाली आणि तीत ‘सेव्ह द चिल्ड्रन’च्या अमेरिकी शाखेने ब्लेअर यांना ‘ग्लोबल लेगसी अवॉर्ड’ दिले. कारण सांगण्यात आले ते त्यांच्या पंतप्रधानपदाच्या काळातील आफ्रिकेविषयीच्या कामाचे, आणि ते काम निव्वळ भाषणबाजी नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. १९९७ मध्ये सत्तेवर येताच त्यांच्या सरकारने परदेशी मदतीसाठी वेगळे खाते काढून त्याला मंत्रिमंडळात स्थान दिले. २००५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लेनईगल्स येथे जी-८ या आठ बड्या राष्ट्रांच्या गटाची परिषद भरली, तेव्हा यजमान या नात्याने त्यांनी अठरा गरीब देशांचे सुमारे ४० अब्ज डॉलरचे कर्ज माफ करण्याचा विषय तडीस नेला. मदत वाढवण्याची जी वचने त्या परिषदेत दिली गेली, त्यांतली काही पुढे हवेतच विरली. पण कर्जमाफी झाली, आणि ती मिळालेल्या झांबियाने २००६ मध्ये ग्रामीण दवाखान्यांतील शुल्क रद्द केले. तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या आईकडे पैसे मागितले जाणे थांबले, एवढा त्याचा सरळ अर्थ होता.

तेव्हा एका पारड्यात आफ्रिका आणि दुसऱ्यात इराक टाकून हिशेब करावा, असे कोणी म्हणेल, आणि पुरस्कार देणाऱ्यांनी बहुधा तसाच हिशेब केला असावा. हा हिशेब मला पटत नाही. परदेशी मदतीचे ते खाते ज्यांनी पहिल्यापासून उभे केले, त्या मंत्री क्लेअर शॉर्ट यांनीच मे २००३ मध्ये इराकच्या प्रश्नावरून राजीनामा दिला होता. गरिबांसाठी केलेले काम आणि युद्ध हे दोन वेगळे खाने आहेत, असे त्या खात्याच्या प्रमुखालाच वाटत नव्हते, तर ते आपण का मानावे? इराकमध्ये नोंद झालेल्या नागरिकांच्या मृत्यूंची संख्याच लाखाच्या वर आहे आणि त्यांत मुलेही आहेत. त्यातून मेजवानी झाली तेव्हा युद्धाच्या निर्णयाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीचा अहवाल अजून यायचा होता. तो जुलै २०१६ मध्ये आला. शांततेचे मार्ग संपलेले नसतानाच युद्धाचा निर्णय घेतला गेला, आणि त्या वेळी सद्दाम हुसेन यांच्याकडून तातडीचा धोका नव्हता, असा त्याचा निष्कर्ष होता. न्यायालयात खटला चालू असताना पंचांनी आरोपीच्या गळ्यात हार घालू नये, एवढा विवेक साध्या गावसभेतही पाळला जातो.

मग असा पुरस्कार दिला तरी का जातो? येथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या चिडीचे मूळ मला या जागी दिसते. अशा मेजवान्यांमध्ये एकेक टेबल कंपन्यांना आणि धनिकांना मोठ्या किमतीला विकले जाते, आणि टेबल विकले जायचे तर समोर मोठे नाव हवे. प्रमुख पाहुण्याला नुसते आमंत्रण दिले तर तो येईल किंवा न येईल. पुरस्कार दिला की तो येतो, भाषण करतो, छायाचित्रांना उभा राहतो. म्हणजे गौरव हा कृतज्ञतेपेक्षा आमंत्रणाचाच अधिक चांगला प्रकार ठरतो. सत्तेवरून उतरलेल्या नेत्यालाही याची गरज असते, कारण पदाबरोबर आलेला मान पदाबरोबर जातो आणि मागे उरलेल्या वादांवर पांघरूण घालायला मुलांच्या संस्थेसारखे दुसरे काही नाही. दोघांची सोय होते. म्हणूनच बाहेरच्या माणसाला ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ आठवते. भरीला ओळखीपाळखी असतात. त्या वेळी संस्थेच्या ब्रिटिश शाखेचे प्रमुख जस्टिन फोरसाइथ हे पूर्वी पंतप्रधान ब्लेअर यांचे सल्लागार होते. पुरस्काराचा निर्णय अमेरिकी शाखेचा होता, असे ब्रिटिश शाखेने सांगितले. पण हा पूर्वसंबंध ठाऊक असलेल्या लोकांनी ते किती मनावर घेतले असेल, याची कल्पना आपण करू शकता.

आता ‘सगळे एकाच माळेचे मणी’ या आपल्या वाक्याकडे येतो, कारण त्याच्याशी मी सहमत नाही. या पुरस्काराविरुद्ध सर्वांत कडक शब्द कोणी वापरले? संस्थेच्याच सुमारे दोनशे कर्मचाऱ्यांनी. त्यांनी आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून हा पुरस्कार नैतिकदृष्ट्या निंद्य असल्याचे आणि त्याने संस्थेची विश्वासार्हता धोक्यात येत असल्याचे कळवले व तो मागे घेण्याची मागणी केली. बाहेर लाखाहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, त्या वेगळ्या. संस्थेच्या वरिष्ठांना पुढे दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच वर्षी, दोनच महिने आधी, पुरुषांच्या फॅशनला वाहिलेल्या ‘जीक्यू’ मासिकाने ब्लेअर यांना वर्षातील दानशूर व्यक्ती ठरवले होते. त्यावरही टीका झाली, टिंगल झाली, परंतु फॅशनच्या मासिकाकडून कोणाची फसगत झाली नाही, कारण तेथे कोणी विश्वास ठेवलाच नव्हता. ‘सेव्ह द चिल्ड्रन’च्या बाबतीत माणसे दुखावली गेली. दुखावला जातो तो विश्वास ठेवणारा. ज्याने ‘हे असेच चालायचे’ म्हणून आधीच हात झटकले आहेत, तो निषेधाचे पत्र लिहायला बसत नाही.

त्या कर्मचाऱ्यांच्या रागाला संस्थेच्या जन्मकथेचाही आधार होता. पहिले महायुद्ध संपल्यावरही दोस्त राष्ट्रांनी शत्रुदेशांची नाकेबंदी चालू ठेवली होती आणि जर्मनी-ऑस्ट्रियातील मुले उपासमारीने मरत होती. १९१९ मध्ये एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंनी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात उपाशी मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके वाटली, म्हणून त्यांना अटक झाली आणि पाच पौंड दंड झाला. सरकारी वकिलाने खटला जिंकला आणि नंतर दंडाइतकीच रक्कम स्वतःच्या खिशातून त्यांच्या हाती ठेवली. तीच पहिली देणगी, असे संस्थेत सांगतात. स्वतःच्या सरकारच्या युद्धधोरणाविरुद्ध चौकात उभे राहून जी संस्था सुरू झाली, तिने एका युद्धकालीन पंतप्रधानाचा सन्मान करावा, हे तिथे काम करणाऱ्यांना किती झोंबले असेल!

प्रश्न : असे पुरस्कार परत का घेतले जात नाहीत?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : कधी कधी घेतले जातात. म्यानमारच्या नेत्या आँग सान स्यू ची रोहिंग्या मुस्लिमांवरील अत्याचारांबाबत गप्प राहिल्या, म्हणून वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने त्यांना आधी दिलेला पुरस्कार मार्च २०१८ मध्ये काढून घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनेही तेच केले. १९९१ चे नोबेल मात्र त्यांच्याकडेच आहे, कारण नोबेल परत घेण्याची सोयच नाही. त्या घरात तर परत करण्याचीही सोय नाही, असे म्हणावे लागेल. १९७३ चे शांततेचे नोबेल अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि व्हिएतनामचे ले डक थो यांना विभागून जाहीर झाले, तेव्हा निवड समितीच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. शांतता अद्याप आलेलीच नाही असे सांगून थो यांनी ते नाकारले. किसिंजर त्या वेळी माजी नव्हते, पदावर होते. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेच्या हाती पडल्यावर १९७५ मध्ये त्यांनी पारितोषिक परत करण्याची तयारी दाखवली, ती समितीने मान्य केली नाही. निषेधाच्या सह्यांचे म्हणाल तर ब्लेअर यांना ‘ऑर्डर ऑफ द गार्टर’ हा ब्रिटनचा मानाचा राजकिताब जाहीर झाल्यावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि जून २०२२ मध्ये विंडसर येथे त्यांना तो किताब मिळालाच. तो राणीच्या मर्जीतला मान होता; त्यासाठी देणगीदारांची मर्जी राखण्याची गरज नव्हती.

प्रश्न : स्टेशनबाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवून उभ्या असलेल्या एका मुलीने फॉर्म भरून घेतला, तेव्हापासून दरमहा माझ्या खात्यातून मुलांसाठी काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेला पाचशे रुपये जातात. अशा बातम्या वाचून ते बंद करावेसे वाटते. काय करावे?
— एक गृहिणी, ठाणे

उत्तर : बातमी दुसऱ्या संस्थेची असेल, तर तिच्यासाठी आपल्या संस्थेला शिक्षा देऊ नका. आणि बातमी आपल्याच संस्थेची असली, तरी बँकेत जाण्याआधी तिला पत्र लिहा. देणगी गुपचूप बंद झाली तर कार्यालयात ती गळतीच्या आकड्यात जाते. कारण लिहिलेले पत्र कोणाला तरी वाचावे लागते. पत्रात तीन गोष्टी मागा : गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित हिशेब, त्यातला निधी गोळा करण्यावरचा खर्च, आणि विश्वस्तांची नावे. आपल्याला देणगीवरील आयकर सवलतीची पावती मिळत असेल, तर संस्था हिशेब ठेवते हे नक्की आहे, तेव्हा तो दाखवायला अडचण नसावी. उत्तर आले आणि पटले तर पाचशे रुपये चालू ठेवा. महिनाभरात उत्तरच आले नाही, तर हीच रक्कम आपल्या परिसरातील एखाद्या बालवाडीला किंवा वसतिगृहाला द्या. तिथे आपण एखाद्या दुपारी स्वतः जाऊन मुलांच्या ताटात काय वाढले आहे ते पाहू शकाल.