अंगाऱ्याने ओसरलेली भीती परत का येते?

‘सासरे गेल्यापासून रात्री छाती धडधडते, घशाला कोरड पडते. ते गेले त्या खोलीत दिवेलागणीनंतर माझे पाऊल पडत नाही. शेवटच्या रात्री त्यांच्या उशाशी बसले असताना माझा डोळा लागला होता. देवऋषी म्हणतात, धाकट्या जावेने करणी केली आहे. अंगारा लावला की बरे वाटते, पण पुन्हा तेच. आता उताऱ्यासाठी ते एकवीस हजार मागत आहेत आणि सासूबाई देऊन टाक म्हणतात. काय करू?’
— एक वाचक, सातारा जिल्हा

प्रिय ताई,

पैसे देऊ नका. तुमचा त्रास खरा आहे, त्याचे दिलेले कारण मात्र खोटे आहे. अशी धडधड काही मिनिटांत शिगेला पोचते आणि कुणी काहीही केले नाही तरी ओसरते. त्या वेळी कपाळाला अंगारा लावलेला असतो म्हणून श्रेय त्याला जाते, आणि त्याच्याशिवाय आपला निभाव लागणार नाही ही समजूत घट्ट होत जाते.

तुमच्या पत्रातले ‘डोळा लागला होता’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. त्याबद्दल देवऋषींनी तुम्हाला काही विचारले का? जागरणाने थकलेल्या माणसाला झोप लागते, त्यात अपराध नाही. पण ही टोचणी मनात ठेवण्यापेक्षा जावेला दोषी मानणे सोपे जाते, आणि त्याच सोपेपणाची किंमत तुमच्याकडून मागितली जात आहे. अमुक बाई करणी करते असे पसरवून तिचे जगणे कठीण करणे हा महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे, हे सासूबाईंनाही सांगा. कुलदैवताची पूजा सोडायला कुणीही सांगत नाही.

त्या खोलीत आधी दिवसा, यजमानांना सोबत घेऊन बसा. मग दिवेलागणीला, पुढे एकट्याने. धडधड सुरू झाली तरी ती उतरेपर्यंत उठू नका, कारण मध्येच पळालो की भीती आणखी बळावते. त्याआधी डॉक्टरांकडून रक्त, थायरॉईड आणि हृदय तपासून घ्या. झोप येतच नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत, विनामूल्य, कोणत्याही वेळी बोलता येते.

आणि जावेशी बोलणे सुरू करा. सासरे तिचेही गेले आहेत. त्यांच्या शेवटच्या दिवसांचा विषय तुम्हीच काढा.