डावीकडे वळला, पण कुणाच्या डावीकडे?

पत्र :

"नमस्कार. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मुलगा ठाण्याच्या कॉलेजात टी.वाय.बी.कॉम.ला आहे. सोबत स्टाफ सिलेक्शन आणि पोलीस भरतीची तयारी चालू आहे. रात्री दोन-तीन तास पार्सल पोचवायचं काम करतो, त्यामुळे वाशीपासून ऐरोलीपर्यंत सगळे सेक्टर त्याला पाठ आहेत. पण बुद्धिमत्ता चाचणीत दिशांचा प्रश्न आला की हमखास चुकतो. नातेसंबंध, सांकेतिक भाषा, अंकमालिका हे सगळं जमतं. क्लासचे सर म्हणाले, दिशेचं भान उपजत असतं, याला ते नाही, हा प्रश्न सोडूनच देत जा. दुसरीकडे फक्त रिझनिंगचा दोन महिन्यांचा कोर्स आहे, फी बारा हजार. लावू का? आणि खरंच याच्यात काही कमी आहे का? त्याच्या रफ कागदांचे फोटो सोबत पाठवते."

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो लिहिताना तुमचा हात थांबला असणार. मुलात काहीही कमी नाही. आणि बारा हजार रुपये भरू नका.

रफ कागद पाठवलेत हे फार चांगलं केलंत. बहुतेक पालक मार्क कळवतात, पण चूक नेमकी कुठे झाली ते मार्कांवरून कळत नाही, कागदावरून कळतं. मी एकेक फोटो मोठा करून पाहिला. तुमच्या मुलाचं अंतर बरोबर असतं, पायथागोरस बरोबर असतो, पहिली दोन वळणंही बरोबर असतात. मग एका ठरावीक जागी रेघ उलट्या बाजूला जाते. चुकलेल्या जवळजवळ प्रत्येक कागदावर ती जागा एकच आहे. चालणाऱ्या माणसाचं तोंड दक्षिणेकडे असताना त्याला वळायचं असतं, तिथे.

त्याच्याच एका कागदावरचा प्रश्न घेऊ. एक माणूस घरातून निघून उत्तरेकडे १० मीटर चालतो, उजवीकडे वळून ७ मीटर, पुन्हा उजवीकडे वळून २२ मीटर, मग डावीकडे वळून २ मीटर. आता तो घरापासून किती दूर आणि कोणत्या दिशेला आहे?

मुलाने वर १० ची रेघ काढली, उजवीकडे ७ ची, खाली २२ ची. इथपर्यंत चोख. मग 'डावीकडे' वाचलं आणि कागदाच्या डावीकडे २ ची रेघ ओढली. पण खाली चालणाऱ्या माणसाची डावी बाजू म्हणजे पूर्व, आणि कागदावर ती आपल्या उजव्या हाताला येते. रेघ पूर्वेला जायला हवी होती. मग घरापासून पूर्वेला ७ आणि २ मिळून ९, दक्षिणेला २२ वजा १० म्हणजे १२, आणि सरळ अंतर १५ मीटर, आग्नेयेला. त्याने ७ मधून २ वजा केले, ५ आणि १२ धरले, आणि उत्तर आलं १३. उत्तर इतकं सुबक आलं की शंका यायला जागाच उरली नाही. पेपर काढणारे हे जाणून असतात. १५ हा एक पर्याय असतो आणि शेजारीच १३ असतो. तुमचा मुलगा खात्रीने चुकतो याचं कारण हेच आहे, आणि त्याला क्लासमध्ये 'उपजत नाही' असं सांगितलं गेलं याचं मला मनापासून वाईट वाटलं. सात ओळींच्या हिशेबात एकच चिन्ह उलटं पडलं तर आपण मुलाला गणित येत नाही असं म्हणत नाही.

ही सवय त्याला कुठून लागली असेल याचा अंदाज तुमच्या पत्रातच आहे. पार्सल पोचवताना फोन बाईकच्या हँडलला लावलेला असतो. त्यावर रस्ता दाखवणारा नकाशा आपल्याबरोबर फिरतो. आपण ज्या बाजूला चाललो आहोत ती बाजू कायम वर. मग स्क्रीनची डावी तीच आपली डावी, विचार करायची गरजच पडत नाही. परीक्षेच्या कागदावर मात्र उत्तर दिशा वरच राहते आणि माणूस फिरतो. म्हणजे त्याला रस्ते कळतात, दिशाही कळतात, फक्त नकाशाची ही दुसरी रीत हाताखालून गेलेली नाही. नकाशावर होकायंत्राचं छोटं चिन्ह असतं, त्यावर बोट ठेवलं की उत्तर दिशा वर स्थिर राहते. पार्सल पोचवायला निघण्याआधी, गाडी उभी असतानाच, त्याने त्या रीतीने पूर्ण रस्ता एकदा पाहावा आणि मनात म्हणावं, आता मी दक्षिणेकडे, डावीकडे वळलो की पूर्व. चालत्या गाडीवर हा प्रयोग अजिबात नको, हे तुम्हीही बजावून सांगा.

रोजच्या लोकलमध्ये तर याचा सराव फुकट होतो. कोपरखैरण्याहून ठाण्याला जाताना घणसोली, रबाळे, ऐरोलीपर्यंत पारसिकचा डोंगर उजव्या हाताला असतो. परतताना तोच डोंगर डाव्या हाताला येतो. डोंगर जागचा हललेला नसतो, तोंड फिरलेलं असतं. त्याला एक प्रश्न विचारा. सकाळी ठाण्याला जाताना ऊन उजव्या खिडकीतून येतं, आणि संध्याकाळी क्लास सुटल्यावर परत येतानाही उजव्याच खिडकीतून येतं, असं का? विचार करू द्या, लगेच सांगू नका. सकाळी तोंड उत्तरेकडे, सूर्य पूर्वेला, म्हणजे उजवीकडे. संध्याकाळी तोंड दक्षिणेकडे, सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजवीकडेच. हे ज्याला स्वतःहून सुचलं त्याला सावलीचे प्रश्न वेगळे शिकवावे लागत नाहीत. सकाळी सावली पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला, एवढंच तिथे लागतं. 'सकाळी माझी सावली बरोबर माझ्या उजव्या हाताला पडली, तर माझं तोंड कुठे?' उजवीकडे पश्चिम, म्हणजे तोंड दक्षिणेकडे. (दुपारच्या सावलीच्या वाटेला परीक्षक सहसा जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते.)

आता सरावाचं. चौकटीची एक वही आणा. प्रत्येक प्रश्नाच्या कोपऱ्यात आधी वर बाण काढून 'उ' लिहायचं. प्रश्न कितीही सोपा असला तरी हे चुकवायचं नाही. मग प्रत्येक रेघेच्या टोकाला बाण, आणि बाणाशेजारी तोंड कुठे आहे ते अक्षर : उ, पू, द, प. पुढचं वाक्य वाचायचं ते त्या अक्षराकडे बघून. जिथे 'द' लिहिलं जाईल तिथे पेन उचलायचं, क्षणभर थांबायचं आणि पुटपुटायचं, 'दक्षिणेला तोंड, डावीकडे पूर्व.' पहिला आठवडा कागद उलटा धरून पाहिला तरी हरकत नाही. काही शिक्षकांना ते आवडत नाही, मला त्यात गैर काही वाटत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याला आपोआप गरज उरणार नाही. तिसऱ्या आठवड्यात चौकटी सोडून कोऱ्या कागदावर यायचं, कारण परीक्षेत कोराच कागद मिळतो. रोज सहा प्रश्न पुरे, साठ नकोत.

उत्तर तपासायची एक युक्ती त्याच्याकडे नाही असं कागदांवरून दिसतं. काटकोनातली वळणं असतील तर उजवी आणि डावी एकमेकांना खातात. वरच्या प्रश्नात उजवी दोन, डावी एक, शिल्लक एक उजवी. सुरुवात उत्तरेकडे, त्यातून एक उजवी म्हणजे शेवटी तोंड पूर्वेकडे असलं पाहिजे. त्याच्या चित्रात शेवटचा बाण पश्चिमेकडे होता. पाच सेकंदांत चूक सापडली असती. अंशांच्या प्रश्नांनाही हीच वजाबाकी चालते. उत्तरेकडे तोंड करून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे १३५ अंश आणि मग उलट १८० अंश वळला, तर उलट दिशेने ४५ अंश शिल्लक, म्हणजे वायव्य. चित्र काढायचीसुद्धा गरज नाही.

उपदिशांची थोडी गडबड दोन ठिकाणी दिसली, आग्नेय आणि नैऋत्य यांची अदलाबदल. हे पाठ करून घेऊ नका, ओळखीच्या गोष्टीला बांधा. पाऊस घेऊन येणारे नैऋत्य मोसमी वारे समुद्राकडून येतात, म्हणजे नकाशात खाली डावीकडून. ईशान्य भारत नकाशात वर उजवीकडे. आग्नेय अग्नीची, म्हणून वास्तू मानणारे स्वयंपाकघर त्या कोपऱ्यात मागतात. उरली ती वायूची वायव्य.

'अ हा ब च्या ईशान्येला आहे' अशा वाक्यांत तो कधी अ मधे ठेवतो, कधी ब. मराठीत याचा धागा वाक्यातच असतो. ज्याला 'च्या' लागलं त्याच्यापाशी आपण उभं राहायचं आणि तिथून बघायचं. इथे ब मधे, अ वर उजवीकडे. इंग्रजी पुस्तकातून सोडवत असेल तर वाक्य मनात मराठी करून घ्यावं, अडचण पुष्कळशी तिथेच सुटते. स्टाफ सिलेक्शनच्या एमटीएस (दहावी पातळीच्या पदांची) आणि सीएचएसएल (बारावी पातळीच्या पदांची) या परीक्षा २०२३ पासून मराठीतूनही देता येऊ लागल्या आहेत, हेही त्याने ध्यानात ठेवावं.

प्रश्न सोडून द्यावा का, याबद्दल. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिथे प्रश्न सोडणं म्हणजे हातचा गुण टाकणं. सीएचएसएलच्या पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकीला अर्धा गुण वजा. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद. चार वळणांचा प्रश्न सरावाने त्यात बसतो. सहा-सात वळणांचा आणि वर तीन माणसांचा असेल तर खुणेची टिक करून पुढे जावं, शेवटी वेळ उरला तर परत यावं. हा वेळेचा हिशेब आहे आणि तो प्रत्येक उमेदवाराला करावाच लागतो. 'तुला येत नाही म्हणून सोड' हे त्याहून अगदी वेगळं वाक्य आहे, आणि मुलाच्या मनात आज तेच बसलं आहे.

त्यासाठी एक काम तुमचंही आहे. रात्री जेवणं झाल्यावर पाच मिनिटं. घरातली एक फरशी म्हणजे एक मीटर. बाहेरच्या खोलीत त्याला उत्तरेकडे तोंड करून उभं करा आणि तुम्ही सांगत जा : तीन फरश्या चाल, उजवीकडे वळ, दोन चाल, उजवीकडे, चार चाल, डावीकडे. तो चालेल, मग तेच वहीत काढेल. पायांनी डावी घेतली आणि वहीत उजवी रेघ आली, हे त्याला स्वतःला दिसू द्या. चुकला तर फक्त 'परत चालू या' म्हणा. वडिलांनाही सामील करून घ्या, आणि एखाद्या दिवशी त्याने सांगावं, तुम्ही चाला.

तीन आठवड्यांनी मला वहीचे फोटो पाठवा. बरोबर आलेली पानं नकोत, चुकलेली पाठवा, आणि त्यांच्यावर खाडाखोड करून चूक झाकू नका असं त्याला सांगा. 'द' या अक्षराशेजारी अजूनही रेघ उलटी जात असेल तर पुढचं आपण तिथूनच धरू.